चौथी झडप

माझ्या आत्याच्या हृदयात पंचवीस वर्षांहून अधिक काळ एक कृत्रिम झडप आहे. लहानपणी तिचा घसा सारखा धरायचा, ताप यायचा, गुडघे सुजायचे. वाताचा ताप आहे, जाईल आपोआप, असं म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. ताप गेला, पण जाताना हृदयाच्या झडपेवर ओरखडे ठेवून गेला. तिशी उलटल्यावर जिना चढताना दम लागायला लागला, रात्री उताणं झोपवेना. मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी सांगितलं, मायट्रल झडप आक्रसून गेली आहे, बदलावी लागेल. बदलली. घरी आल्यावर तिने दागिन्यांच्या डब्यात एक छोटं कार्ड ठेवलं. त्यावर झडपेचं नाव, माप आणि क्रमांक होता. नाव होतं ‘चित्रा’.

रात्री दिवे मालवले, पंखा बंद असला आणि तिच्या पाठीला कान लावला, की आत अगदी हलकी टक्‌ ऐकू येते. आम्ही भाचरं पाळीपाळीने कान लावायचो. ठोका मिनिटाला बहात्तर धरला तर दिवसाला लाखाच्या वर आणि वर्षाला पावणेचार कोटींहून अधिक वेळा ती झडप उघडते आणि मिटते. आत्याच्या बाबतीत तो आकडा आता नव्वद कोटींच्या पुढे गेला आहे. आपल्या घरातली दुसरी कुठली वस्तू एवढं काम करते? दाराची बिजागरी नाही, शिवणयंत्राची सुईसुद्धा नाही.

ही झडप कोणी केली, कुठे केली, हे विचारायला मला फार वर्षं लागली. विचारलं, तेव्हा उत्तर कुठल्या परदेशी कंपनीकडे गेलं नाही. ते तिरुवनंतपुरमच्या पूजप्पुरा भागातल्या एका जुन्या राजवाड्यात गेलं. हे पुस्तक त्या शोधातून सुरू झालं. आपल्या विद्यापीठांत, तंत्रशिक्षणाच्या संस्थांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत आजारी माणसासाठी काय घडवलं जातं, कसं घडवलं जातं आणि त्याला इतका वेळ का लागतो, हा त्याचा विषय आहे. वेळेचा मुद्दा मी मुद्दाम सांगतो आहे. या पुस्तकातल्या सगळ्या हकिकती अखेर त्याच मुद्द्यावर येतात.

त्रावणकोरचे शेवटचे महाराज श्रीचित्रा तिरुनाल बलराम वर्मा यांच्या नावाची संस्था तिरुवनंतपुरमला आहे. रुग्णालयाची इमारत राजघराण्याने १९७३ साली दिली. सॅटेलमंड हा राजवाडाही दिला, तिथे संस्थेची उपकरणं घडवणारी शाखा थाटली गेली. १९७४ साली हृदयशल्यचिकित्सक एम. एस. वलियाथन तिथे प्रमुख म्हणून आले आणि दोन दशकं राहिले. ते अमेरिकेत चार्ल्स हफनागेल यांच्या हाताखाली शिकले होते. हफनागेल म्हणजे १९५२ साली माणसाच्या महारोहिणीत पहिली कृत्रिम झडप बसवणारे शल्यचिकित्सक. तिरुवनंतपुरमला वलियाथनांच्या टेबलावर येणारे रुग्ण मात्र वेगळे होते. ते वयाने लहान होते, गरीब होते, आणि त्यांच्या झडपा माझ्या आत्यासारख्याच बालपणीच्या तापाने खराब झालेल्या होत्या. शस्त्रक्रिया करणारे हात होते, पण बसवायची झडप परदेशातून यायची आणि तिची किंमत त्या घरांना झेपणारी नव्हती.

१९८० साली संसदेने कायदा करून या संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं आणि विद्यापीठाचा दर्जा दिला. ती आरोग्य मंत्रालयाकडे न जाता विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाकडे गेली. वाचकाला ही कारकुनी बाब वाटेल. मला ती फार महत्त्वाची वाटते. कारण त्यामुळे एकाच छत्राखाली शल्यचिकित्सक, धातुशास्त्रज्ञ, प्लॅस्टिकचे जाणकार, जनावरांचे डॉक्टर आणि लेथवर काम करणारा कारागीर एकाच पगारपत्रकावर आले. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर संध्याकाळी राजवाड्यात जाऊन अभियंत्याला सांगू शकत होता, की काल टाका घालताना हे कडं हातातून निसटत होतं. या बोलण्याला कुठलं निवेदन लागत नव्हतं, निविदा लागत नव्हती.

झडपेचं काम सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं. अभियांत्रिकीची बाजू जी. एस. भुवनेश्वर यांच्याकडे होती. कल्पना साधी होती. धातूचं एक गोल कडं, त्यात कलणारी एक तबकडी, आणि कड्याभोवती टाके घालायला पॉलिएस्टरच्या कापडाची वळी. रक्त पुढे ढकललं गेलं की तबकडी कलते आणि वाट मोकळी होते. रक्त मागे यायला लागलं की ती मिटते. जुन्या विहिरीवरच्या पंपात चामड्याची झडप असायची, तिचं तत्त्व हेच. फरक एवढाच, की पंपाचं चामडं खराब झालं तर पंप उघडून बदलता येतं.

पहिला नमुना टायटॅनियमचा केला. तबकडीला आधार देणाऱ्या दांड्या कड्याला वेल्ड केलेल्या होत्या, आणि त्या जोडापाशीच धातू ठिसूळ निघाला. तो बाद झाला. दुसऱ्यात जोडच ठेवला नाही. टायटॅनियमच्या एका अखंड ठोकळ्यातून कडं आणि दांड्या कोरून काढल्या आणि तबकडी कृत्रिम नीलमण्याची घेतली. नीलमणी इतका कठीण, की तो टायटॅनियमलाच खाऊ लागला. धातू झिजतोय हे दिसल्यावर तोही बाद केला. तिसऱ्यात कडं कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचं केलं आणि तबकडी नीलमण्याचीच ठेवली. या वेळी प्रयोगशाळेतलं सगळं जमलं. मग जनावरांवरच्या चाचणीत ती तबकडीच फुटली.

इथे थोडं थांबून पाहा. पाच-सात वर्षांचं काम, तीन नमुने, आणि तिन्ही बाद. कुठल्याही कारखान्याच्या संचालक मंडळापुढे हा हिशेब गेला असता तर चौथा नमुना झाला नसता. त्यात संचालकांचा दोष म्हणता येणार नाही, भागधारकांचा पैसा त्यांना सांभाळायचा असतो. पण इथे काम करणाऱ्यांची नोकरी झडप विकली जाण्यावर अवलंबून नव्हती. जे फुटलं ते का फुटलं, हे शोधून काढणं हेच त्यांचं काम होतं, त्याचाच पगार होता. विद्यापीठ रुग्णाला काय देतं, असं मला कोणी विचारलं तर मी आधी हे सांगतो: विद्यापीठ चुकायला वेळ देतं, आणि झालेली चूक नीट लिहून ठेवायला लावतं.

चौथ्या नमुन्यात कडं त्याच मिश्रधातूचं राहिलं आणि तबकडी मऊ पदार्थाची झाली. मऊ म्हणजे अतिउच्च रेणुभाराचं पॉलिइथिलीन. कृत्रिम खुब्याच्या सांध्यात वाटी करायला शल्यचिकित्सक जे प्लॅस्टिक वापरतात, तेच. ते फारसं झिजत नाही, रक्ताला सोसतं, धातूला खात नाही. त्याचा आवाजही कमी येतो, म्हणून आत्याची टक्‌ ऐकायला पाठीला कान लावावा लागतो. कठीण पदार्थ शोधत निघालेली ही माणसं तीनदा ठेचकाळून मऊ पदार्थापाशी आली. पाण्याच्या यंत्रात ही झडप कित्येक कोटी वेळा उघडमीट करून पाहिली, मग मेंढ्यांच्या हृदयात बसवून पाहिली, आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली.

त्या काळी भारतात वैद्यकीय उपकरणांसाठी स्वतंत्र नियम नव्हते. ते २०१७ साली झाले आणि २०१८च्या जानेवारीपासून लागू झाले. म्हणजे १९९० साली कोणी थेट शे-दोनशे झडपा बसवून मोकळा झाला असता, तरी अडवणारं फारसं कोणी नव्हतं. संस्थेने तसं केलं नाही. देशातल्या सहा केंद्रांत १९९५च्या सुरुवातीपर्यंत ३०६ रुग्णांना ही झडप बसवली आणि त्यांचा माग ठेवला. मग कारखान्यात उत्पादन सुरू झालं. ज्या टीटीके समूहाचा प्रेस्टीज कुकर आपल्या ओट्यावर शिट्ट्या देतो, त्याच समूहाने ते अंगावर घेतलं. कुकरची झडप आणि हृदयाची झडप एका घराण्यात आल्या, याचं मला अजून नवल वाटतं. आजवर एक लाखाहून अधिक माणसांच्या छातीत चित्रा झडप बसली आहे. वलियाथन १७ जुलै २०२४ रोजी गेले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत बातमी लहान आली. ती मोठी यायला हवी होती.

याच राजवाड्यातून रक्तपिशवीही आली, आणि तिची कथा झडपेइतकी नाट्यमय नाही म्हणून कोणी सांगत नाही. आधी रक्त काचेच्या बाटल्यांत साठवत. बाटली फुटायची, निर्जंतुक करणं जिकिरीचं व्हायचं, आणि रक्तातल्या तांबड्या पेशी, प्लेटलेट, रक्तद्रव वेगळे काढणं अवघड जायचं. प्लॅस्टिकची पिशवी आली आणि एका दात्याचं रक्त तीन रुग्णांना वाटता यायला लागलं. संस्थेच्या तंत्रज्ञानावर तिरुवनंतपुरमला पेनपोल नावाचा कारखाना निघाला. पुढे जपानच्या टेरूमो कंपनीने त्यात भागीदारी घेतली. रक्तदान शिबिरात पुढच्या वेळी झोपाल तेव्हा त्या पिशवीकडे आणि तिच्या नळीकडे नीट पाहा. कुठल्या प्लॅस्टिकमधून काय पाझरतं आणि रक्ताला काय सोसतं, हे शोधण्यात कोणाचं तरी अख्खं उमेदीचं वय गेलेलं आहे.

मराठी वाचकाला वाटेल, हे सगळं केरळातलं. आपल्याकडचं काय? आपल्याकडे ही परंपरा त्याहून जुनी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली. तिथे त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या ज्या संस्थेला आज त्यांचं नाव आहे, तिचं मूळ त्या महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेत आहे.

आणि आजचं उदाहरण मुंबई आणि नवी मुंबईत आहे, पवई आणि खारघर. पवईला आयआयटी, खारघरला टाटा मेमोरियल केंद्राची कर्करोग संशोधन संस्था. मधे खाडी आहे. रक्ताच्या काही कर्करोगांत केमोथेरपी हरते, पुन्हा दिली तरी हरते, अस्थिमज्जा बदलूनही आजार उलटतो. अशा रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढायच्या. या पेशी शरीराच्या शिपाईच, पण कर्करोगाची पेशी त्यांना ओळखता येत नाही. दुबळ्या केलेल्या विषाणूच्या पाठीवर एक जनुक लादून ते त्यांच्यात सोडायचं, म्हणजे त्यांच्या अंगावर एक नवा आकडा उगवतो. तो आकडा कर्करोगाच्या पेशीवरच्या सीडी-१९ या खुणेत अडकतो. अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि त्याच रुग्णाला परत द्यायच्या. औषध दुसऱ्या कोणाला चालत नाही. प्रत्येक पिशवीवर एकच नाव असतं.

आयआयटीतले प्राध्यापक राहुल पुरवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा आकडा घडवला. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तो रुग्णांवर पारखला. ४ जून २०२१ रोजी, कोविडची दुसरी लाट ओसरत असताना, खारघरला पहिल्या रुग्णाला अशा पेशी दिल्या गेल्या. ऑक्टोबर २०२३मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी परवानगी दिली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईला या उपचाराचा शुभारंभ झाला. उपचाराचं नाव नेक्सकार-१९. परदेशात अशा उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागतात. इथे चाळीस लाखांच्या आसपास. या आकड्याला स्वस्त म्हणताना माझी जीभ अडखळते. चाळीस लाख म्हणजे आमच्या तालुक्यात बऱ्यापैकी शेती आणि वर घर. पण परदेशी पेशींची वाट पाहणाऱ्या घराला ती वाटच बंद होती. आता निदान विमा, ट्रस्ट, सरकारी योजना यांच्याशी वाद घालायला एक आकडा हातात आहे. तो आणखी खाली आणायचा, ही त्या संशोधकांचीच पुढची जबाबदारी आहे आणि ती त्यांना ठाऊक आहे.

पवईलाच २०१४ साली प्राध्यापक बी. रवी यांनी बेटिक नावाचं केंद्र सुरू केलं. महाराष्ट्र सरकारच्या राजीव गांधी विज्ञान आणि तंत्रज्ञान आयोगाचा त्याला पाठिंबा मिळाला, आणि पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी त्यात सामील झाली. त्या केंद्राची शिस्त मला आवडते: आधी डॉक्टरची अडचण, मग अभियंत्याची कल्पना. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत नेमकं उलटं होतं. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी मुलं आधी सेन्सर निवडतात, मग त्याला रोग शोधतात. प्रकल्प पास होतो, त्याचा सांगाडा कपाटावर जातो, आणि दोन वर्षांनी भंगारवाला घेऊन जातो. अशी कपाटं मी पाहिली आहेत. त्या मुलांची बुद्धी कमी नव्हती. त्यांना वॉर्डात कोणी नेलं नव्हतं.

बेटिकच्या वाटेने आलेला एक स्टेथोस्कोप मी हाताळला आहे. नेहमीच्या स्टेथोस्कोपच्या नळीत एक छोटी डबी बसवायची. ती छातीतला आवाज मोठा करते आणि लांबच्या डॉक्टरपर्यंत पाठवते. कोविडच्या दिवसांत, डॉक्टरला कानात नळी घालून रुग्णावर वाकायची सोय नव्हती तेव्हा, याचा उपयोग झाला. त्यात कुठलं नवं विज्ञान नाही, असं कोणी म्हणेल. नसेल. पण कान लावायची ओढ तीच आहे, जी आम्हा भाचरांना होती.

आता अडचणी. भारतात वापरली जाणारी बहुसंख्य वैद्यकीय उपकरणं आजही आयात होतात; सरकारी आणि उद्योगांच्या अंदाजांत हे प्रमाण सत्तर ते ऐंशी टक्के सांगितलं जातं. विद्यापीठात संशोधन होत नाही म्हणून असं आहे, हे मला पटत नाही. प्राध्यापकाची बढती शोधनिबंधांच्या संख्येवर ठरते, आणि बाद झालेल्या तीन झडपांवर कोणी बढती देत नाही. विद्यार्थ्याला तीन-चार वर्षांत पीएचडी संपवायची असते, झडपेला बारा वर्षं लागतात. रुग्णालयांची खरेदी सर्वात कमी बोलीवर होते, आणि ‘आधी तीन वर्षांचा पुरवठ्याचा अनुभव’ अशी अट लिहिली की नवं देशी उपकरण दाराबाहेरच राहतं. मधल्या वाटेवर, म्हणजे प्रयोगशाळेत चाललेला नमुना आणि कारखान्यात सारखा निघणारा माल यांच्यामधे, पैसाही नसतो आणि माणूसही नसतो. बऱ्याच चांगल्या कल्पना तिथेच संपतात.

ही मधली वाट जगात कुठेही सोपी नव्हती. टोरांटो विद्यापीठात तयार झालेल्या इन्सुलिनची पहिली सुई ११ जानेवारी १९२२ रोजी तिथल्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला दिली, तेव्हा ती उपयोगी पडली नाही; अर्क अशुद्ध होता, सुईच्या जागी गळू झालं. संशोधकांपैकी जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध करायला घेतला आणि २३ जानेवारीला दिलेल्या सुईने मुलाच्या रक्तातली साखर उतरली. दोन सुयांमधले ते बारा दिवस मला त्या शोधाचा गाभा वाटतात. पहिली सुई फसल्यावर विद्यापीठाने दार लावून घेतलं नाही. पुढे पेटंट या संशोधकांनी विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिलं, हे सगळे सांगतात. बारा दिवसांचं मात्र कमी लोक सांगतात.

या पुस्तकातली प्रकरणं कुठूनही वाचायला घेतलीत तरी चालेल. झडपेचं प्रकरण सर्वात मोठं आहे, कारण मला त्यातलं सर्वात जास्त कळलं. पेशींचं प्रकरण वाचताना शाळेतलं जीवशास्त्र थोडं आठवावं लागेल. जिथे जमलं तिथे मी घरगुती शब्द वापरले आहेत, आणि जिथे त्याने अर्थ बिघडत होता तिथे डॉक्टरांचा शब्द तसाच ठेवला आहे. तंत्राची माहिती ज्यांनी तपासून दिली त्या सगळ्यांचे आभार. उरलेल्या चुका माझ्या.

शेवटी एक गोष्ट, जी प्रकरणांत कुठे नीट बसली नाही. झडप बसली म्हणजे संशोधन संपलं असं नसतं. ती दहा वर्षांनी कशी आहे, वीस वर्षांनी कशी आहे, रक्ताची गुठळी झाली का, हे कळतं ते फक्त रुग्णाकडून. आत्या रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची गोळी घेते. दर महिन्याला पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासून आकडा एका जुन्या वहीत लिहिते. मेथी, पालक, कोथिंबीर सोडलेली नाही, पण रोज साधारण सारखीच खाते, कारण पालेभाजी एकदम वाढली की गोळीचा जोर उतरतो. तिच्या त्या वहीत पंचवीस वर्षांचे आकडे आहेत. कुठल्याही संशोधकाला ती वही सोन्याहून मोलाची वाटेल. पण पत्ता बदलला, फोन बदलला, आणि रुग्णालयाकडून येणारी चौकशीची पत्रं जुन्या चाळीत जात राहिली. असे हजारो रुग्ण संशोधकांच्या नजरेबाहेर गेले आहेत, आणि त्यातले बहुतेक ठणठणीत असतील.

तुमच्या घरात कोणाच्या शरीरात झडप, पेसमेकर, स्टेंट किंवा कृत्रिम सांधा असेल तर त्याचं कार्ड शोधा. त्यावरचा क्रमांक दुसरीकडे उतरवून ठेवा. पत्ता बदलला असेल तर रुग्णालयाला कळवा, आणि चौकशीचं पत्र आलं तर, बरं वाटतंय, एवढं जरी लिहायचं असलं तरी ते लिहून पाठवा.